हात थांबला नव्हता

भागवत,

वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून तू राउटर आग्नेय कोपऱ्यात, धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे ठेवलास. पत्रा सिग्नल अडवतो, हे मी तेव्हाच सांगितले होते. परवा मी शाळेत असताना नागपूरच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर आईच्या हाताची थरथर तपासली. त्यांच्याकडे चित्र गोठले होते. "हात स्थिर दिसतो," म्हणत त्यांनी गोळी निम्मी केली आणि तू म्हणालास, "कोपरा बदलला अन् गुण आला!" आई तुझ्या शेजारीच बसली होती.

आज सकाळी तिच्या हातून गरम चहा मांडीवर सांडला. ती म्हणाली, "माहा हात एक खेपही थांबला नाही व माय. डॉक्टरनं फोटूच पाह्यला असन." घरातले एकमेव शास्त्रीय निरीक्षण चौथी शिकलेल्या बाईचे आहे.

राउटर बैठकीच्या खिडकीत ठेवला आहे. त्याला हात लावू नकोस. डॉक्टरांनी आज चार वाजता पुन्हा वेळ दिली आहे. त्या वेळी टीव्ही आणि पोरांचे मोबाईल बंद ठेव. परवा काय घडले, ते डॉक्टरांना आधी सांग. डॉक्टर पुन्हा "स्थिर" म्हणाले, तर प्रथम आईच्या हाताकडे बघ आणि मगच मान हलव.

योगिनी