हिच्या निरोपाची हलती फिल्म

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. (परवा डाव्या गुडघ्याने अर्ध्यातच नकार दिला, तेव्हा उरलेला नमस्कार मनातून.) तुझ्या पित्ताचं कसं आहे? भाऊजींची नवी कवळी तोंडात बसली, की अजून खिशातच फिरते? इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी सोडून. मला काय झालं ते मलाच नीट उमगलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. तू जन्मभर गणित शिकवलंस. उत्तर चुकलं की कुठल्या पायरीला घसरलं ते तुला बरोबर दिसतं, तेव्हा माझी पायरी तेवढी शोधून दे.

तुला माहीतच आहे, ही गेल्या शनिवारी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली. एकतीस वर्षं ग्रंथपाल. प्राचार्यांनी महिनाभर आधी मला गाठलं आणि म्हणाले, तुम्ही फोटोग्राफर माणूस, बाईंच्या निरोप समारंभासाठी दहा मिनिटांची फिल्म करून द्या. मी हो म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. अडतीस वर्षं स्टुडिओ चालवला, पण माझा सगळा धंदा थांबलेल्या माणसांचा. "हलू नका" हे दोन शब्द मी जितक्या वेळा उच्चारले असतील, तितक्या वेळा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. तान्ही मुलं, नवरदेव, परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून आलेले पेंगुळलेले विद्यार्थी, एकदा तर एका आजोबांनी आणलेला पोपट, सगळ्यांना हलू नका. (पोपटाने ऐकलं. आजोबा हलले.)

तर फिल्म. सूनबाई घरांचे नकाशे काढते, तिच्या मोठ्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर आहे. ती म्हणाली, "बाबा, सोपं आहे." ताई, कोणी सोपं आहे म्हणालं की मी हल्ली आधी खुर्ची शोधतो. मी साठेक फोटो जमवले. शिवाय ग्रंथालयातल्या नऊ जणांना हिच्या आठवणी सांगायला लावून फोनवर चित्रित केलं. पण ती चित्रं बघितली तर सगळी माणसं होडीत बसून बोलल्यासारखी. मी सूनबाईला म्हणालो, फोनला वजनच नाही, माझा जुना कॅमेरा दोन किलोचा, तो हलवायचा म्हटलं तरी हलत नसे. तिने एक बटण दाबलं आणि थरथर गायब. पुस्तकांना बांधणी करणारे आमचे बाइंडरकाका खडकासारखे स्थिर झाले. (कानांच्या कडा तेवढ्या ओल्या कपड्यासारख्या ओढल्या गेल्या, पण ते मूळचेही तसेच आहेत.) मी धन्य झालो. म्हटलं, विज्ञान असावं तर असं.

आणि लगेच पुढच्या वाक्याला ती म्हणाली, आता दोन फोटोंच्या मध्ये ट्रान्झिशन घाला, नाहीतर कंटाळवाणं होतं. ट्रान्झिशन म्हणजे एका चित्रातून दुसऱ्यात जायची रीत. त्याची लांबच लांब यादी होती: विरघळणं, सरकणं, पान उलटणं, आणि त्यातच ‘कॅमेरा शेक’. म्हणजे काय, तर पहिला फोटो गदागदा हलतो, आणि हलायचा थांबतो तेव्हा तिथे दुसरा फोटो असतो. मी विचारलं, हे घालवायचं बटण तू आत्ताच दाबलंस ना? ती म्हणाली, "ते चुकून हललेलं. हे मुद्दाम हललेलं." मी अर्धा तास त्या वाक्यापुढे बसून होतो. एकाच दुकानात एका खिडकीवर डाग काढून मिळतात आणि शेजारच्या खिडकीवर डाग पाडून मिळतात, आणि दोन्हीकडे रांग! ज्या एका चुकीपायी मी लोकांचे फोटो फाडून पुन्हा काढून दिले, त्या चुकीला आता नाव आहे, बटण आहे, आणि ती किती जोराची हवी ते ठरवायला पट्टीसुद्धा आहे.

सूनबाईने मला एका जागी घालून दाखवलं. अर्धा सेकंद, हलकासा झटका. खरं सांगतो, छान दिसलं. मग ती कामावर गेली आणि मी एकटा. पहिल्यांदा ते चालवून बघितलं तेव्हा मला टेबलच डुगडुगतंय असं वाटलं, म्हणून पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सारली. फरक पडेना. मग दोन्ही हातांनी स्क्रीन धरून बघितलं. तेवढ्यात ही आत आली आणि नुसती बघत राहिली. (फिल्म हिच्यापासून गुपित होती, त्यामुळे मी स्क्रीनला मिठी का मारली आहे ते सांगता येईना. मी म्हणालो, धूळ पुसतोय.) ती गेल्यावर मी स्क्रीनवरची ट्रान्झिशनची खिडकी बंद करायला गेलो. कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेला, तर माउस बिघडल्यासारखा बाण फुलीवर ठरेना. एकदा वर, एकदा खाली. दाबलं ते भलतंच. ‘सगळ्यांना लागू करा.’ आणि ते सावरताना जोराची पट्टी पार उजव्या टोकाला, वेळेची पट्टी अर्ध्या सेकंदावरून साडेचारवर. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की हिरव्या अक्षरात ‘झालं’ असं आलं. झालं म्हणतोय तर झालं असेल, असं समजून मी फिल्म प्राचार्यांना पाठवून दिली.

समारंभ ग्रंथालयाच्याच वाचन कक्षात होता. पडदे ओढले, दिवे मालवले. पहिला फोटो हिच्या रुजू होण्याच्या दिवसाचा. अर्धा सेकंद ठीक होता आणि मग ताई, तो जो सुटला! एकेक फोटो पाच सेकंदांचा, त्यातले साडेचार सेकंद थरकाप. प्रोजेक्टर लावणारा इलेक्ट्रिशियन स्टँड सैल झाला असं समजून स्टुलावर चढला आणि त्याने प्रोजेक्टर दोन्ही हातांनी गच्च धरला. तरी चित्र हलतंच. तो आणखी गच्च धरी आणि खालून प्राचार्य ओरडत, "अहो, हलवू नका!" तो बिचारा रडकुंडीला आला होता. इतिहासाच्या बाई चष्मा काढून पुसत, घालत, पुन्हा पुसत. मग पडद्यावर आलं संदर्भग्रंथांचं उंच कपाट, भिंतीएवढं. ते हलायला लागल्याबरोबर बाइंडरकाका किंचाळले, "कपाट पडतंय!" आणि धावत जाऊन खोलीतल्या खऱ्या कपाटाला पाठ लावून उभे राहिले. त्यांचं बघून मागच्या दोन रांगा बाहेर पळाल्या. कोणीतरी टेबलाखाली शिरलं. (ते राज्यशास्त्राचे सर होते असं म्हणतात, पण त्यांनी नाकारलं आहे.)

मी दाराशी उभा होतो. जमीन दुभंगली असती तर मी सर्वांआधी आत गेलो असतो. आणि त्या अंधारात कोणीतरी मोठमोठ्याने हसायला लागलं. ही! जिने एकतीस वर्षं त्या खोलीत कुणाला साधं खोकूही दिलं नाही, ती पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग बाकीचे हसले. पळालेले परत आले. शेवटी प्राचार्य भाषणात म्हणाले की बाईंच्या जाण्याने ग्रंथालय हादरलं आहे हे फिल्ममधून किती कल्पकतेने दाखवलंय, आणि टाळ्या पडल्या. ताई, मी त्या टाळ्या घेतल्या. घ्यायला नको होत्या का? मला खरंच कळत नाही. सगळं चुकलं, आणि आजवर माझ्या कुठल्याही धड कामाला इतकी दाद मिळाली नव्हती.

घरी येताना ही माझ्या उजव्या हातात हात घालून चालली. रस्त्यात ती असं कधी चालत नाही.

भाऊजींना नमस्कार. पित्ताला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – सूनबाईच्या ऑफिसातल्या दोघांनी त्यांच्या साहेबांच्या निरोपाला ‘अगदी तशीच’ फिल्म मागितली आहे. तशीच कशी करायची ते मला माहीत नाही.

ता. क. २ – पुन्हा वाचून पाहिलं तर मुद्द्याचं राहूनच गेलं. ताई, फोन हलका नव्हता. माउसही बिघडलेला नाही. उजवा हात तीनेक महिने आपोआप हलतोय. मी मुद्दाम हलवत नाही, आणि त्याला थांबवायचं बटण मला सापडत नाही. हिला सांगितलेलं नाही. आत्ताच कुठे बिचारी मोकळी झाली आहे. तू कसलंही निमित्त काढून ये आणि मला डॉक्टरांकडे ने. एकट्याने जायचं धाडस होत नाही.

ता. क. ३ – ताई, हे मी लिहिते आहे. यांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. डॉक्टरांची वेळ मी दहा दिवसांपूर्वीच घेऊन ठेवली आहे, येत्या गुरुवारी अकराला. तुम्ही बुधवारी या. निमित्त तुमचं पित्त सांगा, म्हणजे तुम्हाला सोबत म्हणून हे निमूट येतील. मला ठाऊक आहे हे मात्र यांना कळू देऊ नका. कळलं तर माझ्यासमोर हात खिशातून काढायचे नाहीत.