पाहुण्यासाठी झाडलेलं मैदान

३ मार्च
ऑफिसात सरांनी पाहुणा माझ्या गळ्यात बांधला. जर्मन आर्किटेक्ट, शहरांचे आराखडे करणारा, सत्तरी ओलांडलेला. पिंप्राळ्याचे नवे रस्ते तो ठरवणार. या गल्ल्यांचे नकाशे इतकी वर्षं मी काढतेय, पण माझं काम काय? दुभाषीण. शिवाय पाण्याची बाटली धरायची. इथून पुढे त्याला नुसतं ज. लिहीन. त्याच्यावर जास्त शाई नाही घालवणार.

५ मार्च
ज.चं भाषण. विषय: ज. स्वतः.
तरुणपणी पूर्व जर्मनीत अख्खं नवं गाव उभारलं, एकसारख्या सिमेंटच्या इमारतींचं. पुढे भिंत पडली, लोक निघून गेले. मग त्याच इमारती पाडायचा आराखडाही यालाच करायला दिला! केला त्याने. नंतर प्राध्यापक, आता देशोदेशी सल्ले. तात्पर्य असं: "तेव्हा मी कागदावर विश्वास ठेवला. आता फक्त स्वतःच्या डोळ्यांवर ठेवतो." टाळ्या. मी नाही वाजवल्या.

८ मार्च
उद्या ज. आमच्याच कॉलनीत येणार. घरी बोलले आणि फसले. आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, अंगातच आलं. हातात खराटा, घरांपुढचं मैदान साफ करायचं म्हणून.
शेजारची अक्का एकटी, ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करून विकते. उन्हाळाभर मैदानात तिच्या बाजा, बाजांवर जुनी लुगडी, त्यावर बिबडे. कडेला चूल. वर्षाचं पोट त्यावर. आबांनी तिलाही उचलायला लावलं.
"मंग मी बिबडा कोठे टाकू?"
"एक दिनना प्रश्न शे, अक्का. परदेशना पाव्हना शे. त्याले पसारामां बसाडसूत का?"
हे तिला एकदम पटलं. पदर खोचला, स्वतःच बाजा उचलल्या. चुलीवरही शेण-माती फिरवली.

९ मार्च
ज. आला. मैदान लख्ख. आबा टोपी घालून उभे. खुर्ची, सरबत, नारळ. ज.ने चारी बाजूंनी फोटो काढले, पायांनी अंतर मोजलं. जाताना आबांचा हात हातात धरला. आबा दिवसभर तो हात बघतायत.

१७ मार्च
आराखडा आला. मैदानातून सरळ, रुंद रस्ता.
माझ्या नकाशात मी तिथे लिहिलं होतं: वाळवण, लग्नाचे मांडव, श्रावणात कानबाई देवीची मिरवणूक. ज.ने ते खोडलंय. वर लिहिलंय: वापरात नसलेली जागा.
भांडले. तो चहा ढवळत, शांत. "मॅडम, मी स्वतः पाहिलं. तिथे काहीच नव्हतं."
तुमच्यासाठीच उचललं होतं, म्हटलं.
"माझ्यासाठी? कशाला?"
तो कप त्याच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला. सर म्हणे, भावनिक होऊ नका. सरांचाही राग आलाय. सगळ्यांचाच.

१८ मार्च
घरी सांगितलं. अक्का बिबडे उलटत राहिली. आबांनी जेवण अर्धं टाकलं. "तो भला माणूस शे. त्याले कोनी बरोबर सांगं नही."
म्हणजे मीच नालायक. वा.

२२ मार्च
रोज डोकं खाल्लं म्हणून ज. कबूल झाला. परवा सकाळी पुन्हा येतो, एकदाच. "जे दिसेल ते अंतिम." किती उपकार!

२३ मार्च
आबा, अक्का, दोघांना समोर बसवून बजावलं: उद्या खराटा नाही, सडा नाही. चूल पेटलेली हवी, बाजा भरलेल्या हव्यात. रोज असतो तसाच पसारा.
अक्का "हो वं बाई." ज्वारी भिजलेलीच आहे तिची.
आबा: "आनि त्याले बसाडानं कोठे?"
बाजेवर, म्हटलं. तोंड फिरवलं त्यांनी.

२४ मार्च, सकाळ
खराट्याच्या आवाजाने जाग आली.
बाहेर आबा झाडतायत. धावले. बाजा सगळ्या अक्काच्या भिंतीला उभ्या, लुगड्यांच्या घड्या. वाटलं, आबांनी दमदाटी केली. तर नाही! अक्का स्वतः चुलीतली लाकडं पाणी मारून विझवत होती.
"अक्का, अहो रस्ता जाईल इथून!"
"समजस मले. पन धूर व्हस ना. म्हतारा माणूस शे, डोळा झोंबतीन त्याना."
मला रडूच आलं. रागाने. ज.चा राग यांच्यावर काढावा की यांचा ज.वर, कळेना. एक बाज ओढत आणून मैदानाच्या मधोमध टाकली. एकटीने. आबा ती उचलायला आले, तशी मी वर बसले.
हे बाजेवर बसूनच लिहितेय. आबा खराटा घेऊन बाजूला उभे. "ऊठ बेटा, पाव्हना येई राह्यना." अक्का दारात, ओले हात पदराला पुसत, मला खुणावतेय, ऊठ म्हणून.
कोपऱ्यावर ऑफिसची गाडी वळली.
मी उठणार नाही.