मागच्या अर्ध्यातली ओळ

मरोळ, ३ ऑक्टोबर, संध्याकाळ

आज घरच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, लेक पुढे बसली आणि माझी वाट लागली. आमच्यात पुढे बसणारा ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना अर्धी म्हणतो, राहिलेली बाकीच्यांनी म्हणायची; एका रोझरीत असं पाच वेळा. दुसऱ्यांना क्षमा केल्याची ओळ त्या राहिलेल्या अर्ध्यात. मेपासून रोज मीच पुढे बसते. भक्ती? छे.

मेमध्ये माझ्या सख्ख्या बहिणीने, रोझीने, मला न बोलावता वर्षाचा मसाला कुटून घेतला. आई होती तेव्हापासून मिरच्या आम्ही दोघींनीच वाळवायच्या. मग तिच्या नवऱ्याच्या हाती त्या मसाल्याची एक बाटली पाठवली. ती तशीच फळीवर.

आज त्या ओळीला नुसते ओठ हलवले. पाच वेळा. पाचही वेळा डोळ्यांसमोर बाटली.

"मम्मी, मधेच तुझा आवाज कुठे जातो गं?" लेकीने विचारलं.

"घसा बसलाय. उद्या मी पुढे बसते."

"नको ना! हा महिना माझा."

नंतर बाटलीवरची धूळ पुसली. उघडली नाही. झाकणावरच्या चिकटपट्टीवर रोझीच्या अक्षरात ‘चिंगी’. पाच महिन्यांत आज वाचलं. आई गेल्यावर मला या नावाने हाक मारणारी तीच एक उरलीय.

उद्या परत पाच वेळा.