एक प्रत बाजूला काढून ठेव

रविवार, ता. ९ ऑक्टोबर

चि. भुंग्यास आजीचे अनेक आशीर्वाद.

मी तुझी आजी. ओळख करून दिलेली बरी. तुझ्या डोक्यात राक्षसांची नावं, त्यांच्या शेपट्यांची लांबी आणि कुणाला कशाने मारायचं हे इतकं ठासून भरलंय की माझ्यासाठी कोपरा उरला असेल असं वाटत नाही. बुटकी, नाकावर मस असलेली. तू चालायला लागलास तो माझं बोट धरून. आठवलं? नसेल तर धाकटीला सोबत फोटो चिकटवायला सांगते.

इकडे सगळे बरे आहेत, तूही बरा असशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतोस, मागे तुझ्या बापाच्या शिलाई मशीनचा आवाज आला की तेवढंही नाही. म्हणून पत्र. पत्राला मध्येच "गिऱ्हाईक आलं" म्हणून ठेवून देता येत नाही. मी सांगतेय आणि तुझी बहीण लिहितेय. मी म्हणते तेच लिही, शहाणपणा घालू नकोस, असं बजावलंय. (आजी दर वाक्याला "लिहिलंस का?" विचारते. – धाकटी) बघ, घातलाच.

आता कामाचं. ती पुरवणी तुझ्या त्या खेळांच्या दुकानात केव्हा येणार? धाकटीने जाहिरात वाचून दाखवली. आपण फासे टाकून गोष्ट खेळतो, त्या खेळातल्या मंत्र-तंत्रवाल्यांसाठी वेगळं पुस्तक निघतंय म्हणे, नवे जादूगार, नवे मंत्र. पुरवणी म्हटल्यावर मला आधी परीक्षेतली वाटली. तुम्ही पोरं "मी दोन पुरवण्या घेतल्या" म्हणून मिरवायचात ना, ती. म्हटलं, चेटकिणींच्या परीक्षा लागल्या की काय!

माझी अडचण तुला ठाऊक आहे. जुन्या पुस्तकाप्रमाणे माझ्या जादूगारणीने रोज पहाटे उठून मंत्रांची वही वाचली पाहिजे. अरे, जन्मात मी अक्षर वाचलं नाही, आणि खेळायला बसले तर तिथेही वाचन! मग मी जुन्या जाकिटावर मंत्रांची बटणं लावली. तांबडं बटण आगीचं, शिंपल्याचं बटण दिसेनासं व्हायचं, पितळी बटण कुलूप उघडायचं. मंत्र टाकला की बटण काजात. तू समजावत होतास, "आजी, मंत्र टाकायला ठरावीक खाचा असतात." मी म्हटलं, खाच कसली, काज म्हण. आपल्या शिवणाच्या दुकानात आयुष्यभर तेच केलं मी. तेव्हापासून टेबलावर सगळे काजच म्हणतात, शेजारच्या नर्सबाईसुद्धा. त्यांची खेळातली कुऱ्हाडवाली अजून तशीच आहे, आधी तोडते, मग विचारते.

पण परवा नर्सबाई म्हणाल्या, "आजींना सवलत आहे हो." लागलं मला. सवलत नको मला, नियम हवा. जाहिरातीत म्हणे एक मंत्रवाली अशी आहे, जी काही वाचत नाही, ऐकून ऐकून शिकते आणि पाठ ठेवते. हे खरं का रे? खरं असेल तर त्या पुस्तकात मी छापलेली असेन. मला वाचता नाही आलं तरी चालेल, धाकटी बोट ठेवून दाखवेल, ही बघ तू.

खेळ बंद पडला असं समजू नकोस. तू गेल्यावर तुझ्या जागी बसून गोष्ट धाकटी चालवते, राक्षसांचं बोलणंही तिचंच. पोरगी गुणी, पण तिचे राक्षस म्हणजे दारात येऊन "आत येऊ का?" विचारणारे. एकाने तर चिखलाचे पाय पुसले. (तो गुहेतला होता, त्याला सवय होती. – धाकटी) हल्ली मात्र राक्षस सुधारलेत. मध्ये एक असा गुरगुरला की नर्सबाईंचा चहा मांडीवर सांडला.

आवाज कोण काढतं ते विचारू नकोस.

स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला. कोपऱ्यावरच्या चांभाराला नात झाली. यंदा थंडी लवकर येणार, माझे गुडघे हवामानखात्याच्या आधी सांगतात. धाकटी माझ्याकडे डोळे वटारून बघतेय. बरं बाई, सांगते.

तू त्या दुकानाच्या नोकरीला निघालास त्या दिवशी तुझा बाप काय बोलला, ते मी पुन्हा लिहवणार नाही. तुला पाठ आहे, त्यालाही पाठ आहे. "या घरात फासे दिसता कामा नयेत" एवढं मी पाळलं. दिसू दिले नाहीत. बटणांच्या डब्यात ठेवले आणि कोटाच्या कापडाची घडी घालून त्यावर टाकायचो, आवाज नको म्हणून. तो आमच्याकडे पाठ करून मशीन चालवायचा. चालवायचा कसला, पाय नुसता पायडलवर. कापड पुढे सरकत नव्हतं, ते मला न बघता कळतं.

मग एका रविवारी धाकटीचा राक्षस म्हणाला, "मी तुम्हाला खाणार आहे, बरं का." तुझा बाप गर्रकन वळला, गळ्यात टेप तशीच. "अगं, राक्षस असा बोलतो का? गिऱ्हाईकाला बिल सांगतेस की काय?" आणि जो गुरगुरला! नर्सबाईंच्या चहाचं मघाशी सांगितलंच. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. मला वाटलं, आता उठून जाईल. तर हळूच म्हणाला, "आई, तुझं एक काज रिकामं आहे अजून. आगीचा टाक, आता नाही तर कधी?"

म्हणजे पाठ करून बसायचा, पण माझी काजं मोजत होता, लबाड.

तेव्हापासून राक्षस त्याचे. खुर्ची मात्र शिंप्याच्या टेबलाजवळचीच घेतो. तुझ्या खुर्चीवर बसत नाही. नर्सबाईंनी एकदा तिच्यावर पिशवी ठेवली, तर त्याने ती उचलून खाली ठेवली.

गेल्या आठवड्यात त्याने आणखी एक पराक्रम केला. पुरवणीचं आमचं बोलणं ऐकलं असणार. नाक्यावरच्या पुस्तकवाल्याकडे जाऊन म्हणाला, "जादूचं नवीन पुस्तक आलंय का?" त्याने बिचाऱ्याने दिलं. इस्त्रीच्या कपड्यांखाली लपवलेलं धाकटीला सापडलं. काय निघालं सांग? टोपीतून ससा कसा काढावा! रुमालाच्या गाठी कशा गायब कराव्यात! (चित्रांसह. – धाकटी) आम्ही दोघी हसून हसून आडव्या. तो दारात. मला वाटलं, भडकेल. "मला काय ठाऊक, जादूतही प्रकार असतात," म्हणाला. आणि मग माझ्या जाकिटाचं एक ढिलं बटण घट्ट करत, खाली मान घालून, "आई, तुझ्या भुंग्याला सहज विचार, त्याच्या दुकानात ते खरं पुस्तक येईल तेव्हा एक प्रत बाजूला ठेवेल का. मी विचारलं असं म्हणू नकोस."

मी म्हणतच नाहीये. धाकटी लिहितेय.

हे बघ भुंग्या, मला जसं वाचता येत नाही, तसं त्याला माफी मागता येत नाही. माझ्यासाठी तू टेबलावर जागा केली होतीस. त्याच्यासाठी करायची की नाही, ते तुझं तू बघ. मी भीड घालत नाही. त्याने पुरवणीचा विचार केलाय, एवढंच कळवते. राक्षसांचंही त्यात काही असेल का, असंही विचारून झालंय त्याचं. धाकटी म्हणते, पुस्तक नुसतं पाठवून भागणार नाही, नवे नियम समजावून सांगणारं माणूस लागतं. तिला सगळं येतं, तरी असं म्हणते. गुणी पोरगी.

खोकला असेल तर अंगावर काढू नकोस. मालकांशी नीट वाग. रविवारी आम्ही दुपारी बसतो, दिवे लागेपर्यंत उठत नाही.

तुझी वाट बघणारी, पण तसं न सांगणारी,
आजी

ता. क. तुझ्या गल्लीतल्या बेकरीतली खारी बिस्किटं तुझा बाप रागातच एकदा तुझ्याकडे आला होता तेव्हा, बसायचं नाही म्हणून, उभ्याउभ्या संपवून गेला होता. ती पाठव, मोठा पुडा. पोस्टाने नको, भुगा होतो. गाडीत मांडीवर ठेवून आणलेली अख्खी राहतात.