पितळी पाटीवरचं खोपटं

प्रिय ढब्बू,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. तुझ्या दारावरची पितळी पाटी इतकी लख्ख घासलेली आहे, की बेल दाबल्यापासून दार उघडेपर्यंत माणसाला स्वतःचंच तोंड बघत उभं राहावं लागतं. पन्नाशीकडे झुकलेल्या, बस बदलत आलेल्या बाईवर हा उघड अन्याय आहे. त्यात माझ्या कपाळावर आडवी कोरलेली अक्षरं: ‘खोपटं’. चार खोल्या वर, चार खाली, मोटारीला वेगळं छप्पर, आणि नाव खोपटं!

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या नेमका हाच शब्द माझ्या टेबलावर आहे. अर्थ लिहून झाला: काटक्या, गवत, पोती, हाताला लागेल त्याचा उभा केलेला कच्चा निवारा. घोडं अडलंय उपयोगापाशी. आमच्याकडे वाक्य रचायचं नसतं, कुणीतरी खरंच बोललेलं लागतं. म्हणून कान टवकारून हिंडले. तर गंमत अशी, की खोपट्यात राहणारा माणूस सरळ ‘घरी जातो’ म्हणतो. ‘या एकदा आमच्या खोपट्यात’ म्हणायला आधी बंगला बांधावा लागतो. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘बाई, हा अर्थ नाही, जळफळाट आहे.’ असेल. आहेच.

पण तुझ्या खोल्यांवर नाही रे जळत मी. आई आठ दिवसांसाठी म्हणून एक पिशवी घेऊन तुझ्याकडे गेली आणि तिकडचीच झाली. फोन केला की, ‘अगं, इथं खोलीतून थेट बागेत पाय टाकता येतो.’ परत कधी येतेस विचारलं तर, ‘बघू, गुडघा काय म्हणतो ते.’ गुडघ्याला काय विचारायचं? तो तुझ्याच पक्षाचा. माझे तीन जिने त्याला कधीच पटले नाहीत. परवा मी आले, तर आईनं माझ्यापुढे बशीत बिस्किटं मांडून ठेवली. पाहुण्यासारखी! मला! मी लगेच उठले ती बस चुकेल म्हणून, असं तुम्हाला वाटलं असेल तर वाटू दे.

बसमध्ये आपलं लहानपणीचं, खेळातलं खोपटं आठवलं. घराच्या मागच्या भिंतीला टेकवलेली मोडकी खाट आणि वर दोन पोती. एकदा अवचित सर आली, तेव्हा आई धावत आली आणि एका छत्रीत मावेल तेवढं, म्हणजे तुला, उचलून घेऊन गेली. मी आत निथळत, तुझ्या नावानं बोटं मोडत बसले. जळायची सवय जुनीच. मग छत्री एकटीच चालत येताना दिसली. खाली तुझे दोन पाय होते. ‘ताई, खोपटं गळतंय, घरी चल.’

कोशात हेच वाक्य घातलंय. साहेबांनी एक अक्षर बदललं नाही.

हे पत्र ज्या खोक्यावर चिकटवलंय, त्यात आईची उशी आहे, जाडा चष्मा आहे आणि सुयांवरचा अर्धा स्वेटर आहे. तिनं मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर भांडलेच असते. उशी नीट उन्हात घालून तिच्या पलंगावर ठेव. आणि तिला म्हणावं, आता जिन्यांची काळजी करू नकोस, ताईच येत जाईल. तुझी छत्री माझ्यापर्यंत पोचली असं समज.

बिस्किटं मात्र डब्यातच राहू देत.

तुझीच,
ताई