साखळी कोणाच्या घशात

७ फेब्रुवारी १९३८

"फेस आला! बघा, फेस आला!" — डॉक्टर हरिहररावांना आज इतका आनंद झाला, मला वाटलं आता पेढे मागवतात.

नांदगाव पेठेकडची रुख्मिणी आमच्या प्रसूतिगृहात बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप. मी नमुना घेतला, जांभळा रंग दिला, मायक्रोस्कोपखाली पाहिलं — जांभळे मणी, एकामागे एक ओवलेले. साखळ्या! बाळंतरोगाचा जंतू. जानेवारीत याच वॉर्डात धामणगावची एक बाई याच तापाने गेली, तेव्हा "मलेरिया" असं लिहून सगळे मोकळे झाले होते. या खेपेला मी रिपोर्टात मोठ्या अक्षरांत लिहिलं — साखळ्या.

डॉक्टर म्हणाले, "माझ्या वॉर्डात साखळ्या असूच शकत नाहीत. घोस असतील." घोस म्हणजे द्राक्षासारखे जमलेले मणी, फोडापुळीतले. त्यांच्यावर पेरॉक्साइडचा थेंब टाकला की फसफसून फेस येतो. साखळीवाले ढिम्म बसतात. म्हणून साहेब स्वतः प्रयोगशाळेत अवतरले. कान धुवायचं पेरॉक्साइड मागवलं. जंतू वाढवायच्या रक्ताच्या बशीतून निंदणीतल्या खुरप्यासारखी सुई मारली, जंतूंबरोबर बशीतलं निम्मं रक्तही उचललं, थेंब टाकला — फेस!

फेस येणारच! तो रक्ताचा फेस. पण विलायतेला सहा महिने राहून आलेल्या माणसाला हे नागपुरात शिकलेला रविकांत कसं सांगणार? मी आपलं "हो साहेब" म्हणालो. शरम वाटली. अजून वाटतेय.

८ फेब्रुवारी

आज सांगितलं! म्हणजे तोंडाने नाही. एक कोरी बशी घेतली — जंतूंचं नाव नाही, नुसतं मेंढीचं रक्त — आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून पेरॉक्साइड टाकलं. फसफस फसफस. म्हटलं, "साहेब, या कोऱ्या बशीलाही घोस झालेत. हिला कोणत्या खाटेवर घेऊ?"

साहेबांनी बशी दूर सारली. मग, "लाल गोळ्या सुरू करा."

या नव्या जर्मन गोळ्या साखळीवर जालीम आहेत. घोसांवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. एक दिवस फुकट गेला. रुख्मिणीचा ताप एकशे चार.

१० फेब्रुवारी

रुख्मिणीचा नवरा नत्थुजी सकाळी बोंबलत आला — "डाक्टरसाब, हिले रगत चालू झालं नं! लघवी पुरी लाल हाये! काहून मारून राहिले गरिबाले?" गोळ्यांचा रंग उतरतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. नर्स गोदाबाईने समजावलं, "अवो भाऊ, तो रंग हाये, रंग. होळी यंदा पोटातूनच खेळून राहिली तुमची बायको." तेव्हा कुठे तो खाली बसला.

१२ फेब्रुवारी

ताप उतरला! रुख्मिणीने बाळाला घेतलं. नत्थुजीने डॉक्टरांचे पाय धरले. मी शेजारीच उभा होतो. माझे पाय कोणी धरले नाहीत.

मी मात्र माझं कर्तव्य सोडलं नाही. रुख्मिणीच्या खाटेशी बसून स्वच्छतेवर चांगलं अर्धा तास बोललो — जंतू कुठे असतात, कसे शिरतात. वॉर्डात आलेल्या प्रत्येक बाईच्या बोटाचं रक्त घेताना मी हे सांगतोच. बायका "हो दादा, हो दादा" करतात. एक अक्षर डोक्यात शिरत नसेल! पण आपण सांगत राहावं.

१३ फेब्रुवारी

मोर्शीहून माझ्या बायकोचं, ताराचं पत्र. दिवस भरत आले. सासूबाईंचं तेच पालुपद — पहिलं बाळंतपण माहेरी, गावातली सुईण चांगली आहे, दवाखान्यात पोरगी पाठवायची नाही. मी चार पत्रं लिहून भांडलो आहे. सुईण नखं कापते का? हात कशाने धुते? शेवटी सासूबाई कबूल झाल्या. तारा तेवीसला मोटारीने येणार. जिंकलो!

१५ फेब्रुवारी

कौशल्या म्हणून आणखी एक बाई. परवा बाळंत झाली, आज ताप. साखळ्या.

जानेवारीपासून तीन बायका, एकच वॉर्ड. म्हणजे इथलंच कोणीतरी हा जंतू घशात घेऊन फिरतंय. स्वतः धडधाकट, आणि दुसऱ्याला वाटतंय! आणि माझी तारा आठ दिवसांनी इथेच येणार.

साहेबांना म्हटलं, वॉर्डात जाणाऱ्या सगळ्यांचे घसे तपासू. साहेब लगेच तयार. म्हणाले, "झाडूवाल्या पार्वताबाईपासून सुरुवात करा. तिथेच संपेल." तपासणीसुद्धा पगाराच्या क्रमाने — खालून वर!

१६ फेब्रुवारी

भल्या सकाळी खाटिकाकडे जाऊन मेंढीचं रक्त आणलं. काचेच्या गोट्या घालून बाटली हलवत बसलो, म्हणजे साकळत नाही. खाटीक विचारतो, "पंडितजी, रोज रोज रक्त न्यायले लागले, रक्ती रांधता का घरी?" काय उत्तर द्यावं!

पार्वताबाई घसा द्यायला तयार होईना. "मी काय केलं बाप्पा? मी त वॉर्डात जातो तवा तोंडाले पदर बांधतो." मी म्हटलं, वा! जंतूंसाठी? "नाई जी. वासासाठी."

कापसाची काडी घशात घातली तर बोट चावलं माझं.

१७ फेब्रुवारी

पार्वताबाईची बशी साफ. जंतूंच्या ठिपक्यांभोवती हिरवट कडं — ते सगळ्यांच्याच घशातले बिनभाड्याचे रहिवासी. आपला गुन्हेगार भोवतालचं रक्त विरवून काचेसारखं स्वच्छ कडं पाडतो. तसलं एकही नाही.

साहेब म्हणतात, "परत करा. नीट झालं नसेल."

१८ फेब्रुवारी

परत केलं. साफ.

१९ फेब्रुवारी

गोदाबाई साफ. दोन्ही आया साफ. आता राहिलं कोण? साहेब! मला तर पहिल्या दिवसापासून खात्री होती. तो रुबाब, ते खाकरणं!

विचारायला गेलो तर, "माझा घसा विलायतेत तपासलेला आहे." म्हटलं, साहेब, त्याला सहा वर्षं झाली. "मी तोंडाला फडकं बांधल्याशिवाय बाळंतिणीजवळ जातो का कधी?" नाही जात, हे खरं. शेवटी दार लावून, बशीवर नाव न घालता नुसता आकडा घालायचा, या अटीवर तोंड उघडलं. तेही सहा महिन्यांच्या पोरासारखं, डोळे मिटून.

कौशल्याचा ताप हटत नाही. लाल गोळ्यांची शेवटची बाटली. नागपूरला तार केली आहे.

२० फेब्रुवारी

साहेबांची बशी साफ.

खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही — मला वाईट वाटलं. त्यांना कसं सांगायचं, कोणते शब्द वापरायचे, चेहरा किती गंभीर ठेवायचा, सगळी तयारी झाली होती माझी. कौशल्या तिकडे तापाने बरळतेय आणि मी इकडे साहेबांचा घसा निर्दोष निघाला म्हणून हिरमुसलोय! लाज वाटायला हवी.

आणि मग भीती वाटली. सगळे साफ, तर आहे कोण?

२१ फेब्रुवारी

गोळ्या आल्या. कौशल्या शुद्धीवर आहे, पाणी मागते.

संध्याकाळी गोदाबाईला म्हटलं, यादी संपली, आता काय खाटांचे घसे तपासू? ती कौशल्याची चादर बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा घसा कोन पाह्यला, रविकांतदादा?"

मी हसलो. ती नाही हसली. "बाया त तुमचंच सांगनं सांगून राहिल्या, घशातले जंतू बोलता बोलता उडते म्हने. दादा जवळ बसते, लय बोलते."

असा संताप आला! प्रयोगशाळा मी चालवतो, जंतू मी ओळखतो, आणि माझाच घसा? म्हटलं, घे बाई, तुझं समाधान होऊ दे. तिने काडी घातली. बशीवर मीच रेघा ओढल्या, उबेच्या पेटीत ठेवली. ही बाई उद्या तोंड लपवत फिरणार.

२२ फेब्रुवारी

बशीभर ठिपके, प्रत्येकाभोवती स्वच्छ कडं. पेरॉक्साइड टाकलं — रक्ताला सुई लागू न देता, तीनदा. फेस नाही. रंग दिला. साखळ्या.

धामणगावच्या त्या बाईच्या बोटाचं रक्तसुद्धा मीच घेतलं होतं. तिलाही सांगितलं होतं, जंतू कसे शिरतात ते. तिने "हो दादा" म्हटलं होतं.

साहेबांपुढे बशी ठेवली. त्यांनी पाहिली. एक शब्द टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मोर्शीला तार केली — ताराला पाठवू नका.

२३ फेब्रुवारी

तार उशिरा पोचली. तारा आली. कळा मोटारीतच सुरू झाल्या होत्या. गोदाबाई तिला आत घेऊन गेली. मी रस्त्यापलीकडे तोंडाला उपरणं बांधून उभा होतो. ती खिडकीतून हाका मारत होती, "अहो, आत या ना!"