रोझमेरीला काका म्हणणाऱ्यांसाठी

मी खाली सही करणारा, वय पंचवीस, सातवी नापास, धंदा हॉटेलच्या स्वयंपाकघरात पाला निवडणे. उद्या माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. पोट त्यांचं नाही. म्हणून डोकं ठिकाणावर असताना, कोणी न शिकवता, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेत असेल ते सगळं माझ्या ताईला. काकांनी त्यात नाक खुपसू नये. आईवडील गेल्यावर त्यांनी अंगणात गाडीसाठी फरशी घातली. गाडी अजून आलेली नाही.

२. माझी कात्री भांडीवाल्या दोस्ताला. शेफला देऊ नये. हा माणूस ताटात रोझमेरीची काडी खोचतो आणि वेटरकडून सांगवतो की जुन्या काळी राण्या ती उशाखाली घेऊन झोपायच्या. पुढच्या टेबलाला राण्यांचे राजे होतात. मी विचारलं, "शेफ, नक्की झोपायचं कोण?" तर म्हणे, "तू पाला निवड." जो कोथिंबीर वाळवून बाटलीत भरतो, त्याच्याकडून इतिहास ऐकायची वेळ कोणावर येऊ नये.

३. मुख्य मुद्दा. आमच्या घरात झाड ज्याने दिलं त्याच्या नावाने ओळखतात. ही आईची रीत. पानओवा म्हणजे नर्सबाई, पुदिना म्हणजे पोस्टमन. "पोस्टमनला जरा बारीक चिर," असं आई म्हणाली की पाहुणे दचकायचे.

गेल्या वर्षी मी रोझमेरीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घराकडे जाणाऱ्या एका एसटी ड्रायव्हरकडे दिली. काकांनी ती स्टँडवरून घरी आणली. एवढंच केलं. स्टँड दोन गल्ल्यांवर आहे. लावली ताईने, जगवली ताईने, आणि आता सगळी गल्ली तिला "काका" म्हणते. फोनवर ताईला म्हटलं, "अगं, पाठवली मी." ती म्हणाली, "मला माहीत आहे रे. पण तू इथे असतोस कुठे? लोकांना हातात फांदी घेतलेले काका दिसले."

वर काका ती चिरून कच्चीच भातावर टाकतात आणि घशात टोचली की ताईवर ओरडतात. अख्खी काडी तेलात बटाट्यांबरोबर परतायची, वाढताना काढून फेकायची. सांगून थकलो.

तेव्हा ताईला हिस्सा या अटीवर, की झाडाला "भिंगरी" म्हणावं. एका जागी बसत नाही म्हणून आईने मला ठेवलेलं हे नाव. लोक ऐकत नसतील तर झाड उपटून टाकावं.

४. काकांना पुदिना, मुळांसकट. त्यांच्या लाडक्या गुलाबांच्या वाफ्यात लावावा. पुदिना कुठे थांबत नाही, हे त्यांना कोणी सांगू नये.

५. वरचं सगळं साक्षीदारांना वाचून दाखवलं. भांडीवाला म्हणाला, "उपटल्यावर तुझं तिथे राहिलं काय रे?" त्याला झाडांतलं काही कळत नाही. तरी कलम तीनमधली अट रद्द, उपटायचं वाक्यही रद्द. हिस्सा ताईचा, बिनशर्त. झाडाला काका म्हणा, काहीही म्हणा, उन्हाळ्यात पाणी घाला. ताईने पाणी घालताना, कोणी ऐकत नसेल तेव्हा, एकदा खरं नाव घ्यावं. ही अट नाही.

कलम चार मात्र कायम.

सही: भिंगरी

साक्षीदार:
१. भांडीवाला (कात्रीला धार नाही, तरी सही केली)
२. शेजारच्या खाटेवरचे सुतार

ठिकाण: दवाखाना, खिडकीकडची खाट
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस